सगळ्यांच्या कपाळावर साडेदहा

स्ट्रेचर उचलणारे चौघं कधी पावलाला पाऊल मिळवून चालत नाहीत. भरती झाल्यापासून उस्ताद लोक लेफ्ट-राइट करून करून सगळ्यांचे पाय एक करतात, आणि आमच्या खात्यात आलं की पहिला धडा हाच, की आता ते विसरा. चौघांचे पाय एकदम पडले तर स्ट्रेचर पाळण्यासारखं झोके घेतं आणि वरच्या माणसाचं मोडलेलं हाड आतल्या आत घासतं. म्हणून ज्याचं त्याचं पाऊल वेगळं पाहिजे. चढाला डोकं पुढं, उताराला पाय पुढं, म्हणजे डोकं कायम वर. उंच गडी नेहमी उताराच्या अंगाला. एवढं ज्याला कळलं त्याला आमचं अर्धं काम आलं. उरलेलं अर्धं म्हणजे खांद्याची कातडी.

मी फौजेच्या दवाखाना खात्यात सतरा वर्षं काढली आणि एकदाही माणूस पाडला नाही. हे मी कुणापुढंही छाती ठोकून सांगतो. छाती ठोकावी असं माझ्यापाशी एवढंच आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

संपादक म्हणाले, "बाबूराव, गमतीजमती लिहा. दिवाळीचा अंक आहे, लोकांना हलकंफुलकं लागतं." गमती लई आहेत. आमच्याकडं एक सुभेदार होते, मिशा अशा की त्यावर लिंबू ठेवावं. गोळीला न भिणारा माणूस, पण सुई पाहिली की आडवा. त्यांना टोचायचं म्हणजे आधी खाली गादी टाकावी लागायची. एक पोरगा सुट्टीसाठी आंधळा झाला होता. डॉक्टरसाहेबांनी त्याच्यासमोर जिलबीचं ताट ठेवलं आणि गप बसून राहिले. पोरानं बरोबर मोठी जिलबी उचलली. साहेब म्हणाले, "अरे वा, नजर आली की रे!" त्याच साहेबांबद्दल मला लिहायचं आहे. ते हलकंफुलकं नाही. छापायचं तर छापा.

कॅप्टन माधव टाकळकर. औरंगाबादचे, औरंगपुऱ्यातले. वडील निजामाच्या वेळेला तहसिलात कारकून. मी करमाडचा, कुणब्याचा. गावाकडं आम्ही एकमेकांच्या वाऱ्याला उभं राहिलो नसतो, पण फौजेत हजार कोसांवर मी एकदा कुणाला तरी "नाय जमायचं, जा" म्हणालो आणि साहेब तंबूतून बाहेरच आले. "कोण रे हा मराठवाड्याचा?"

मी सलाम ठोकला. "करमाड, साहेब."

"हौ की! मग औरंगाबादला गुलमंडीवर उधळला असशील बैलगाडी घेऊन." आणि हसले. तेव्हापासून मी त्यांचा बाबू.

त्यांचा हात हलका होता. थंडीत औषधाची सुई गारठते म्हणून ती आधी स्वतःच्या काखेत धरून ऊबदार करायचे आणि मग टोचायचे. झुलत्या पुलाला मात्र लई भ्यायचे. पलीकडं जायचं तर डोळे मिटून माझा पट्टा धरायचे आणि मला वर म्हणायचे, "कुणाला सांगितलंस तर जुलाबाचं औषध देईन." आणि त्यांची जीभ कायम जांभळी असायची. ती का, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

लढाईत जखमी माणसाला दुखणं थांबवायला मॉर्फियाची सुई देतात. ती देवासारखी आहे, पण एक दिली आणि चार-सहा तासांच्या आत दुसरी दिली तर माणूस झोपतो आणि श्वास घ्यायचाच विसरतो. जखमी एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जातो. तिथल्या डॉक्टरला कसं कळावं की याला सुई कधी दिली? चिठ्ठी बांधतात, पण ती भिजते, फाटते, बर्फात पडते. कपाळ कुठं जात नाही. म्हणून कपाळावर एक खूण करायची, इंग्रजी एम, आणि त्याखाली सुई दिल्याची वेळ. त्याला एक पेन्सिल असते. जिभेवर ओली केली की जांभळी उमटते आणि सहज निघत नाही. साहेब रोजच्या औषधाच्या नोंदीही तिनंच करायचे, म्हणून दिवसभर ती चाटायचे.

आता माझं ऐका. मी निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत उशिरा बसलो, दोनच इयत्ता गेलो. मग पोलीस अॅक्शन झालं, त्या धामधुमीत मास्तर गाव सोडून गेले आणि शाळेला कुलूप लागलं. जे दोन आखर आले होते तेही गेले. पण भरतीच्या वेळेला मी ठोकून दिलं, चौथी पास. घड्याळ मला वाचता येत नव्हतं. सूर्य वाचता येत होता, बैलाचं दुखणं वाचता येत होतं, पण तो काचेखालचा काटा कधी लागला नाही. हे कुणाला कळू नये म्हणून मी जन्मभर युक्त्या केल्या. कुणी वेळ विचारली की मी म्हणायचो, "तुम्हीच बघा की, डोळे नाहीत का?" लोकांना वाटायचं गडी उर्मट आहे. उर्मट म्हटलेलं मला चालत होतं. अडाणी म्हटलेलं नाय.

साहेबांना महिनाभरात कळलं. त्यांनी चारचौघांत तोंड उघडलं नाही. संध्याकाळी औषधाच्या पेटीचं झाकण उलटं टाकलं आणि म्हणाले, "ये बाबू, ही पाटी. हे घड्याळ. लढाई पेटली तर माझे दोन्ही हात कुणाच्या तरी पोटात असतील. सुई मी देणार, वेळ तू लिहायची. दुसरं कोण आहे मला?"

यात वाईट काय होतं? काही नव्हतं. पण मला झोंबलं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान माणूस मला पाटीवर बसवतो. मी आठ दिवस गेलो, मग टाळू लागलो. कधी पाणी भरायचं, कधी पोटात दुखतंय. साहेब काही रागावले नाहीत. त्यांनी घरचा अभ्यास दिला, कागदाच्या एका बाजूला बारा वेगवेगळ्या वेळा लिहून आण.

आमच्यात साताऱ्याकडचा एक शिंदे होता. अक्षर मोत्यासारखं. मी त्याला म्हटलं, "शिंद्या, माझ्या वाटणीची रम तुझी. हा कागद भरून दे, पण जरा वाकडं काढ." त्यानं दोनदा ग्लास भरून घेतला आणि असा झकास वाकडा कागद काढला की मलाच खरा वाटला.

साहेबांनी कागद पाहिला. एकेक वेळ बोट लावून तपासली. मग माझ्याकडं असं पाहिलं, जसं मीच त्यांचा पेपर तपासून त्यांना पास केलंय. खिशातून ती पेन्सिल काढली आणि म्हणाले, "ही आजपासून तुझी." मी घेतली. हात पुढं करून घेतली, हे लक्षात ठेवा.

त्या कागदावरची पहिली वेळ होती साडेदहा. तेवढी मी शिंद्याकडून घोकून घेतली. एक काठी, एक वाटोळं, मग छोटी आडवी रेघ, मग एक तोंड उघडं असलेला आकडा, पुन्हा वाटोळं. चित्र काढतो तसं. साहेबांनी मध्येच काढून दाखव म्हटलं तर असावं म्हणून. शांततेच्या दिवसांत कुणाला मॉर्फिया लागतोय? वर्षभर कुणी विचारलंच नाही. मी पेन्सिल खिशाला लावून मिरवत राहिलो.

बासष्ट सालात चीनच्या सरहद्दीवर लढाई पेटली तेव्हा आम्ही वर डोंगरात होतो. आमचं ठाणं म्हणजे दगडाच्या आडोशाला एक ताडपत्री. तिथं रस्ता नाही, जखमीला खांद्यावरून खालच्या ठाण्यावर न्यायचं, तीन-चार तासांची वाट. त्या दिवशी सकाळपासून माणसं येत होती. साहेब सुई द्यायचे, जखम बांधायचे, आणि मान वर न करता ओरडायचे, "बाबू, वेळ!"

"टाकली, साहेब!"

"पुढचा घ्या."

मी प्रत्येकाच्या कपाळावर एम काढला आणि खाली माझं चित्र काढलं. साडेदहा. सकाळच्यालाही साडेदहा, दुपारच्यालाही साडेदहा. मला वाटलं, काहीतरी आहे ना कपाळावर. खरं सांगतो, एवढंच वाटलं. माणसं तळमळत होती आणि मला चिंता होती ती माझ्या चौथी पासची.

दुपारनंतर चार स्ट्रेचर एकामागं एक खाली रवाना झाले. त्यानंतर एक पोरगा आला, पायाचा चुरा झालेला. साहेबांनी त्याला सुई दिली आणि पट्टी बांधायला वाकले, तर तोंड त्याच्या कपाळाशी आलं. मी तेवढ्यात खूण करून मोकळा झालो होतो. साहेब थांबले. पोराच्या कपाळाकडं पाहिलं, समोरच्या डोंगराकडं पाहिलं. ऊन पार शेंड्याला गेलं होतं. मग त्यांनी मनगट माझ्या तोंडासमोर धरलं.

"बाबू, किती वाजले?"

हवालदार तिथं उभा होता. दोन गडी होते. मी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणालो, "साडेदहा, साहेब."

कुणी हसलं नाही. साहेब हळूच म्हणाले, "त्या चौघांनाही हेच?"

"व्हय साहेब."

खालच्या ठाण्यावर ते चौघं संध्याकाळी पोचणार. तिथला डॉक्टर कपाळ वाचणार, म्हणणार, साडेदहाची सुई, सकाळची, आता दुसरी द्यायला हरकत नाही. आणि त्यांना तर सुया दुपारी दिलेल्या. सकाळी गेलेल्यांचं खपून गेलं असेल, त्यांच्या वेळा साडेदहाच्या आसपासच्याच होत्या. हे मला त्या क्षणाला कळलं. इतके दिवस ते माझ्यासाठी चित्र होतं.

मी म्हटलं, "साहेब, मी पळतो. चिठ्ठ्या लिहून द्या. माझ्या पायाला कुणी गाठत नाही."

"चार माणसं, चार वेळा," साहेब म्हणाले. "कुठली चिठ्ठी कुणाची, वाचणार कोण? तू?"

हवालदारही वाचणारा होता, पण त्यालाही काय सांगणार? सुया साहेबांनी दिलेल्या, माणसं त्यांच्या डोळ्यासमोर होती आणि वेळा त्यांच्या डोक्यात. ते उठले, हात पुसले. "हवालदार, तासाभरात गाठतो त्यांना आणि येतो. या पोराला हलवू नका." मग माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अरे, मला सांगायचं नाही का? मी काय फौजदार होतो? पेन्सिल दे."

मी दिली. ते उताराला लागले. मध्ये एक झुलता पूल होता. तिथं या वेळेला धरायला माझा पट्टा नव्हता.

अंधार पडायच्या आत खालच्या अंगानं गोळीबार सुरू झाला. शत्रू वळसा घालून मागं आला होता आणि ती वाट तुटली. आम्हाला दुसऱ्या नाल्यानं उतरायचा हुकूम झाला. पाय चुरा झालेल्या त्या पोराला आम्ही तीन दिवस खांद्यावरून आणलं, पाडलं नाही. साहेब आले नाहीत. मेलेल्यांत त्यांचं नाव नव्हतं, कैद्यांत नव्हतं. कागदावर आलं ते 'बेपत्ता'.

चौकशीला एक मोठे अधिकारी आले. "डॉक्टरसाहेब कशाला खाली गेले?" मी म्हणालो, "जखमींच्या काळजीनं, साहेब." त्यात खोटं काय होतं? त्यांनी लिहून घेतलं. खाली मी भरतीपासून घोकलेली सही केली.

काही महिन्यांनी एका लष्करी दवाखान्यात त्या चौघांपैकी एक जण मला दिसला. राजपुतान्याकडचा, पाय कापलेला. मी त्याच्या खाटेशी बसलो. त्यानं आपणहून सांगितलं. "डाक्टर साहब पीछे से दौडते आये, भाई. थूक लगाके मेरा माथा पोछा, फिर से लिखा. जीभ पूरी जामनी थी उनकी. मैंने पूछा क्या हुआ. बोले, माफ करना जवान, मेरी घडी गलत थी." मग पुढच्या स्ट्रेचरमागं पळाले म्हणाला. पुढं दोघं होते. त्यांना साहेबांनी गाठलं की नाही ते मला कळलं नाही. कळलं नाही असं नाही, मी विचारत गेलो नाही.

सुट्टीवर आलो तेव्हा औरंगपुऱ्यात गेलो. वडील वारले होते. साहेबांच्या आई होत्या आणि धाकटी बहीण सुमनताई, शाळेत शिकवायच्या. आईंनी मला पाटावर बसवलं आणि समोर बसल्या. मी सांगितलं, साहेब जखमींच्या मागं गेले, एकटे गेले, भ्याले नाहीत. आई रडल्या नाहीत. बेपत्ता आहे, रडायचं कशाला, असं त्यांचं. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"बाबू, तो निघाला तेव्हा किती वाजले होते रे? मी त्या वेळेला काय करत होते ते मला आठवून बघायचंय."

माझ्या तोंडात एकच वेळ होती. "साडेदहा, आई."

"सकाळचे?"

"सकाळचे."

दर दिवाळीला मी दौलताबादकडची सीताफळं घेऊन जायचो आणि आई मला फराळाचं ताट वाढायच्या. दर वर्षी तेच विचारायच्या, आणि मी तेच सांगायचो. एका वर्षी सकाळीच पोचलो तेव्हा पाहिलं. आई कढईत चकल्या सोडत होत्या. भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहून त्यांनी स्टो बंद केला, हात धुतले आणि उंबऱ्यापाशी येऊन बसल्या. मी बोलायला गेलो तर सुमनताईंनी ओठावर बोट ठेवलं. थोड्या वेळानं आई उठल्या आणि पुन्हा चकल्या. ताई मला हळूच म्हणाल्या, "रोज बसते. साडेदहाला. तुम्ही सांगितल्यापासून." मी त्या चकल्या खाल्ल्या.

आई गेल्या तोवर त्यांनी पंचवीस-तीस वर्षं त्या वेळेला स्टो बंद केला असेल. त्या गेल्या त्याच वर्षी ताईंच्या शाळेत साहेबांच्या फोटोला हार घालायचा ठरला आणि मी चार शब्द बोलायचे ठरले. मी नवा फेटा बांधून आधी घरी गेलो. ताईंनी माझ्यापुढं फराळाचं ताट ठेवलं आणि पेटीतून साहेबांचं एक जुनं पत्र काढलं. "हे तुम्ही ऐकलेलं नाही. यात तुम्ही आहात," म्हणाल्या आणि वाचलं: 'आई, आमचा करमाडचा बाबू आता घड्याळ बघून वेळ लिहितो. बारा वेळा लिहून आणल्या, एकही चुकली नाही. बाबांना सांग, तुमच्या मुलानं एक तरी माणूस शिकवला.'

मी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि ताईंना सगळं सांगितलं. शिंद्या, रम, कागद, पेन्सिल, सगळ्यांच्या कपाळावरचं साडेदहा.

ताईंनी पत्राची घडी घातली. मला वाटलं, भावाबद्दल विचारतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे साडेदहा खोटं?"

"खोटं, ताई."

"आई रोज बसायची ते?"

ताईंनी माझ्यासमोरचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. बाहेर आल्या ते म्हणाल्या, "शाळेत तुम्ही येऊ नका. मी सांगेन, तब्येत बरी नाही." मी उठलो. दारात गेलो तर मागून म्हणाल्या, "उद्या या. पाटी घेऊन या."

साठीला आलेल्या माणसाला बाजारातून पाटी आणायला काय वाटतं ते मी आणली तेव्हा कळलं. दुकानदार म्हणाला, "नातवाला का बाबा?" तोंडावर 'व्हय' आलं होतं. मी म्हणालो, "नाय. मला."

ताई कडक. भावासारख्या नाहीत. चुकलं की पुसायला लावतात, पुन्हा लावतात, आणि कौतुक करत नाहीत. आखरं आली, मग वाचन आलं. हे सगळं माझ्या हातचं आहे, चुका ताईंनी दुरुस्त केल्या. त्यांनी मला माफ केलं का, असं वाचणारे विचारतील. त्यांनी म्हटलं नाही, मी विचारलं नाही. ते ताट पुन्हा पुढं आलेलं नाही.

घड्याळ त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ज्या दिवशी ते नीट आलं, त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता सांगा, तो निघाला तेव्हा ऊन कुठं होतं?"

मी डोळे मिटले. समोरच्या डोंगराचा फक्त शेंडा उजेडात, खालची सगळी दरी निळी. ताडपत्रीच्या खांबाची सावली पुसून गेलेली. थंडीचे दिवस, पूर्वेकडचा मुलूख, तिथं सूर्य लवकर बुडतो. ताईंनी हे ते विचारलं, हिशेब केला आणि म्हणाल्या, "चार वाजायच्या सुमाराला. फार तर सव्वाचार."

मग स्वतःशीच म्हणाल्या, "सव्वाचारला आई दूध घेऊन यायची. कोपऱ्यावर उभी असायची रोज. कुणाशी तरी बोलत, हसत."

त्या उठून आत गेल्या. मी पाटी पुढं ओढली आणि लिहिलं. घड्याळाकडं पाहून नाही, तरी चित्र काढल्यासारखंही नाही. साहेब निघाले, दुपारी सव्वाचार.